‘बोर्ड’च्या नोंदीतला खडा

१२ जानेवारी

धाकट्या,

पुडकं हातात पडलं की आधी दोरा बघ. मी दुहेरी गाठ मारून वर लाख लावली आहे. गाठ सुटलेली दिसली तर पुडकं न उघडता मला कळव. हसू नकोस. ‘ए’ अक्षराच्या वेळी काय झालं ते तुला माहीत आहे. आपल्या इंग्रजी-मराठी कोशाचा तो खंड अजून छापखान्यात होता, आणि त्या कोपऱ्यावरच्या प्रकाशकाचा विद्यार्थी कोश बाजारात आलासुद्धा. त्यात माझी वाक्यं, माझ्याच स्वल्पविरामांसकट! शब्दांचे अर्थ कुणाच्या बापाचे नसतात, मान्य. पण स्वल्पविराम माझे होते. कुठंतरी पाणी मुरतंय आणि ते आपल्याच भिंतीत मुरतंय.

म्हणून या वेळी ‘बी’ची प्रुफं तिघांनाच दिली आहेत. एक तू, दुसरे छापखान्याचे मालक, तिसरा टाचण्या. हो, तोच माझा सहायक, तोंडात टाचण्या धरून ‘हं, हं’ करणारा. तू स्वतः वाच, दुसऱ्या कुणाच्या हातात पान द्यायचं नाही. फोन करू नकोस. फोनवर तू ओरडतोस, आणि माझ्याकडं ऐकणारे कान बरेच आहेत.

‘बोर्ड’ची नोंद सावकाश वाच. एवढासा शब्द, पण त्यानं मला घाम फोडला. मुळात बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. तिला पाय लावले की टेबल झालं. टेबलावर अन्न मांडलं की बोर्ड म्हणजे जेवणखाण, म्हणून तर बोर्डिंगात राहणाऱ्याला खायला घालावं लागतं. कपबोर्ड आधी कप मांडायची उघडी फळी होती, तिला दारं नंतर आली. जुन्या कवितांत योद्ध्याची ढालसुद्धा बोर्डच. आणि जहाजाची कड म्हणजे बोर्ड, हा तर मुळात वेगळाच शब्द. दोन परके एकसारखे दिसायला लागले आणि पुढं एकाच घरात नांदले. त्या कडेवरूनच आपण आज विमानातसुद्धा ‘ऑन बोर्ड’ चढतो. मंडळ हा अर्थ कुठून आला ते मी इथं सांगत नाही. तिथं मुद्दाम थांब, तुला आवडेल.

आणखी एक. इतकी वर्षं तू माझी प्रुफं वाचतोस, तुझं नाव कुठंच नाही. या खंडावर दोघांची नावं घालायचं माझ्या मनात आहे. शीर्षकपान सगळ्यांत शेवटी छापायला देईन.

तुझी ताई


६ फेब्रुवारी

ताई,

गाठ शाबूत, लाख शाबूत, फक्त सोडवताना माझं नख तेवढं शाबूत राहिलं नाही. अगं, प्रुफं पाठवतेस की दारूगोळा?

उशीर झाला, रागावू नकोस. इकडची तिकडची कामं निघाली. पण वाचलं सगळं, ओळ न् ओळ.

‘बोर्ड’च्या नोंदीत तर मी राहायलाच गेलो होतो. सकाळी उठलो की इस्त्रीचा बोर्ड, दिवा लावायला स्विचबोर्ड, बाहेर पडलं की दुकानांचे बोर्ड, बसचा बोर्ड, आणि शाळेत गेलो की आमचं बोर्ड, ज्यात मी निवृत्तीनंतर शोभेला बसवलेला आहे. जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात, त्यात तारा नाही, ती सुकाणूची बाजू, हे वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. दर्यावर्दी ताऱ्याकडं बघून वळायचे असं मी भूगोलाच्या तासाला पिढ्यान् पिढ्या ठोकून देत आलो! मुलंही ऐकून घ्यायची बिचारी.

आणि ते मंडळाचं! मी आजवर धरून चाललो होतो की माणसं टेबलाभोवती बसतात म्हणून बोर्ड. सरळ हिशेब. पण तू लिहिलं आहेस की जहाज फुटल्यावर एकाच फळीला धरून जी माणसं किनाऱ्याला लागत, ती पुढं जन्मभर एकमेकांना विचारल्याशिवाय काही ठरवत नसत, आणि अशा माणसांना लोक ‘बोर्ड’ म्हणू लागले. ताई, मी खुर्चीतून उठलोच. आपल्याकडंही फळी लाकडाची असते आणि माणसांचीही असतेच की, तरुणांची फळी, विरोधकांची फळी. माझं टेबल मी तिथल्या तिथं मोडीत काढलं. तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार.

त्यापुढचं मनात आलं ते लिहीत नाही. तू ‘भावनेच्या भरात शब्द वाया घालवतोस’ म्हणशील.

नावाचं वाचून काय वाटलं तेही लिहीत नाही.

तुझा धाकटा


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

प्रुफं मिळाली. तुझ्या शंका चांगल्या आहेत. पण त्या तुझ्या आहेत का?

समासात पेन्सिलीनं लिहिलंय ते अक्षर तुझं नाही. तुझा ‘ल’ पाकळीचा असतो, हा दांडीचा आहे. मी जन्मभर अक्षरांवर पोट भरलंय, मला शिकवू नकोस. आणि तुझ्या स्वतःच्या पत्राच्या ओळी अशा चढणीला का लागल्या आहेत? अक्षर केवढं मोठं, दुकानावरच्या पाटीसारखं. घाईत लिहिलंस का? की कुणी समोर बसलं होतं?

उशिराचं कारण ‘इकडची तिकडची कामं’. निवृत्त माणसाला इकडची तिकडची कसली कामं असतात, हे मी निवृत्त न झाल्यामुळं मला माहीत नाही. पान कुणाच्या हातात गेलं होतं ते सरळ लिही.

मी तुला बोल लावत नाही. विचारते आहे.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

विचारते आहेस होय? मला तर पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटलं.

अक्षराचं म्हणशील तर वयाबरोबर माणूस बदलतो, ‘ल’ नाही बदलणार? पेन जाड होतं, टेबल हलत होतं, उजेड कमी होता. यातलं तुला पटेल ते घे. पानं घराबाहेर गेलेली नाहीत. एवढं तुला पुरे असावं.

उलट मीच तुला विचारतो. तो टाचण्या दिवसभर तुझ्या खोलीत असतो, कपाटाची किल्ली त्याच्याकडं, छापखान्यात ये-जा त्याची. तोंडात टाचण्या आहेत म्हणून तो बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून तो भला, असा तुझा हिशेब दिसतो. मुक्याची बडबड उशिरा कळते, ताई. आणि हल्ली तुझ्या पत्रांना जो वास येतो तो तुझा नाही. कुणीतरी तुझे कान भरतंय.

जाऊ दे. पुढच्या महिन्यात शाळेचा बक्षीस समारंभ आहे, आणि बोर्डाच्या वतीनं मी बोलणार आहे. काय बोलणार ते तुला सांगत नाही. यथावकाश कळेलच. त्या दिवशी माझी आठवण काढ म्हणजे झालं.

धाकटा


२ जुलै

धाकट्या,

कोपऱ्यावरच्या प्रकाशकाचा नवा कोश आला. टाचण्यानं सकाळी आणून माझ्यापुढं ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी ‘बी’ उघडलं.

एकच विचारते. मुखपृष्ठावर लिहिलंय की याचे संपादक तुमच्या शाळेत व्याकरण शिकवतात. तू त्यांना ओळखतोस?

शीर्षकपान अजून दिलेलं नाही.

ताई


८ जुलै

ताई,

ओळखतो म्हणजे काय! आमचे व्याकरणवाले सर ना? दर रविवारी माझ्याकडं येतात, चहा पितात, आणि ‘मला’ला विभक्ती कुठली यावर माझं डोकं खातात. फार सरळ माणूस. तुझ्याबद्दल बोलताना तर ‘बाईंनी असं लिहिलंय’ म्हणत हात जोडायचेच बाकी ठेवतात. ते त्या प्रकाशकाकडं कामाला लागले ते यंदाच. ‘ए’च्या भानगडीशी त्यांचा काही संबंध नाही, उगाच नाक मुरडू नकोस.

म्हणजे कोश आला तर! लबाडानं मला अजून दाखवला नाही. कसा झालाय? आणि ऐक, त्यात तुझ्यासाठी एक गंमत आहे. सापडली का? नसेल सापडली तर मी सांगणार नाही, शोध.

तुझं पत्र एवढंसं का? तब्येत बरी आहे ना? शीर्षकपानाची मला काही घाई नाही. तरी कुठल्या टायपात घेतात ते विचारून ठेव, आणि माझं नाव तुझ्या खाली घाल, शेजारी नको. शेजारी बरं दिसणार नाही.

तुझा धाकटा


१३ जुलै

धाकट्या,

गंमत सापडली.

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि मला वाटलं, माणूस इतका निलाजरा होऊ शकतो? माझ्याच घरात, माझ्याच हाताखाली वाढलेला? आता नीट वाच, पुन्हा लिहिणार नाही.

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. प्रुफं बाहेर द्यायची तेव्हा कोशकार त्यात एखादी खोटी गोष्ट पेरतो. आम्ही तिला खडा म्हणतो. तांदळात खडा असतो तसा. छापायच्या आधी तो आपणच काढून टाकायचा. मधल्या काळात तो खडा दुसऱ्याच्या पुस्तकात निघाला की कुणाच्या पोत्याला भोक आहे ते कळतं. या वेळी मी तिघांना तीन वेगवेगळे खडे दिले होते. तिन्ही ‘बोर्ड’मध्ये, मंडळाच्या अर्थापाशी. छापखान्याच्या मालकांच्या पानात लिहिलं होतं की व्यापारी फळीवर माल तोलत बसायचे त्यावरून मंडळ आलं. टाचण्याच्या पानात राजाच्या ढाली धरणारे सरदार होते. आणि तुझ्या पानात फुटलेलं जहाज.

असं कुठलंही जहाज नव्हतं. मी ते जेवण झाल्यावर खिडकीशी बसून रचलं. मंडळाला बोर्ड म्हणतात कारण माणसं टेबलाभोवती बसायची. तू म्हणाला होतास तेच. साधं टेबल.

आता त्या विद्यार्थी कोशात चौकट टाकून काय छापलंय? जहाज, फळी, किनारा, जन्मभर एकमेकांना विचारणं. अगदी तुझ्या पानातलं. टाचण्यावर तू बोट दाखवलंस तेव्हा तो बिचारा माझ्या समोर बसून माझ्या चुका काढत होता. घरचा भेदी बाहेर शोधायला सांगणारा भेदी पहिल्यांदाच बघितला.

परकं अक्षर, उशीर, टाळाटाळ, दर रविवारचा चहा. सगळं जुळलं. काय मिळालं तुला? की मी इतकी वर्षं तुझं नाव घातलं नाही त्याचा हा सूड? तसं असेल तर तोंडावर सांगायचं होतंस, मी ऐकलं असतं.

शीर्षकपान उद्या देते. त्यावर एकच नाव असेल.

ताई


२० जुलै

ताई,

तू आज्ञा केलीस तसं नीट वाचलं. म्हणजे सूनबाईनं वाचून दाखवलं. ‘निलाजरा’पाशी ती थांबली, मी म्हटलं, वाच पुढं.

आता तूही वाच. मला वाचता येत नाही. दिवाणखान्याच्या गेल्या रंगकामापासून हे सुरू झालं, मला वाटलं रंगाचा वास डोळ्यांना झोंबला असेल. तसं नव्हतं. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. समोर तोंड आहे हे कळतं, कुणाचं ते आवाजावरून. डॉक्टर म्हणतात, गेलं ते येणार नाही, आहे ते सांभाळा. तुझ्यापासून लपवलं, कारण तुला कळलं असतं तर तू प्रुफं पाठवणं बंद केलं असतंस. ‘डोळ्यांना ताण नको’ म्हणाली असतीस, आणि मी करायचं काय दिवसभर? ही गेल्यापासून मला दुसरं आहे काय?

म्हणून सूनबाई वाचायची. पोस्टाच्या खिडकीवर बसून दमून यायची, चहा व्हायचा, मग ती वाचणार आणि मी शंका सांगणार. दांडीचा ‘ल’ तिचा आहे. पान तिच्या हातात दिलं, ही माझी चूक. ती मान्य.

आता तुझं जहाज. बक्षीस समारंभात मी उभा राहिलो. पुढं मुलं, पालक, शिक्षक, सगळं मला धूसर. मी म्हटलं, बोर्ड बोर्ड म्हणतात ते काय, सांगतो. आणि तुझी गोष्ट सांगितली. नंतर म्हटलं, आमचंही घर असंच फुटलं होतं. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, आणि मी शाळकरी पोर एका फळीला धरून होतो. ती फळी म्हणजे माझी ताई. तिनं टाइपरायटर बडवला, लोकांचे अर्ज लिहून दिले, लग्नाचं नाव काढू दिलं नाही आणि मला मास्तर केलं. आजही मी तिला विचारल्याशिवाय काही ठरवत नाही. म्हणून मला वाटतं बोर्ड म्हणजे आम्ही दोघं. टाळ्या पडल्या ताई. मला रडू आलं आणि कुणाला दिसलं की नाही हेही मला दिसलं नाही.

व्याकरणवाले सर पहिल्या रांगेत होते. खाली उतरलो तर हात धरून म्हणाले, ही गोष्ट माझ्या कोशात घेऊ का? मी म्हटलं, घ्या की, पण बाईंचं नाव घालून घ्या. त्यांनी घातलंय. काल आणून वाचून दाखवलं. पहिल्याच पानावर आभार आहेत, ‘बोर्ड या शब्दाची व्युत्पत्ती ज्यांच्यामुळं समजली’ आणि पुढं तुझं नाव, चांगल्या ठळक टायपात. ती होती गंमत. पण तू पहिलं पान कशाला बघशील? तुम्ही कोशकार थेट अक्षरावर उतरता. मालकाच्या नावाची पाटी दारावर असताना तू खिडकीतून घरात शिरलीस आणि चोरी झाली म्हणून ओरडलीस.

संशय घेतलास तो एक वेळ मी गिळेन. दुधानं तोंड पोळलेलं आहे तुझं. पण एक गोष्ट मला गिळता येत नाही. छापखान्याच्या मालकांना तराजू दिलास, टाचण्याला ढाली दिल्यास. मग माझ्यासाठीच फुटलेलं जहाज का? रचताना तुला आपलं घर आठवलं होतं का? एवढं कळव. नाव काढलंस ते ठीकच केलंस.

तुझा भाऊ


२९ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काम बंद ठेवलं. टाचण्या दार लोटून घेऊन गेला.

पहिलं पान उघडलं. आहे माझं नाव. मी ते पान दोन बोटांनी उलटून पुढं गेले होते.

काय लिहू? माझ्या जिभेला हाड नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे, पण या वेळी मी लेखणीनंसुद्धा मारलं. मी चुकले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. ‘ए’ कुणी फोडलं ते मला अजूनही माहीत नाही, आणि कुणीतरी सापडलंच पाहिजे म्हणून मी तुला धरलं. डोळ्यांचं मला सांगायला हवं होतंस रे. पण कसं सांगणार? मी गाठीला लाख लावून पाठवणारी बाई.

तू विचारलंस त्याचं उत्तर. ‘नव्हतं आठवलं’ असं लिहिणार होते. आठवलं होतं. टाचण्याला कोरडं लागतं, म्हणून ढाली दिल्या. छापखान्याच्या मालकांना देवघेव कळते, म्हणून तराजू दिला. तुझ्यासाठी रचायला बसले तेव्हा मी विचार केला, धाकटा कशाला भुलेल? आणि मला आई गेली तो आठवडा आठवला, आपण दोघं एका खाटेवर झोपायचो, तू माझ्या पदराला गाठ मारून ठेवायचास, मी उठून जाऊ नये म्हणून. ते आठवलं आणि जहाज आपोआप तयार झालं. लिहिताना मला भरूनही आलं होतं. तरी लिहिलं. तू ते मनात ठेवू शकणार नाहीस हे मला ठाऊक होतं. म्हणजे तुला पकडायला दुसरं काही लागलंच नसतं.

व्याकरणवाल्या सरांना पत्र पाठवलंय, गोष्ट खोटी, दोष सर्वस्वी माझा, पुढच्या आवृत्तीत काढा. शीर्षकपान परत मागवून नवं दिलं. दोन नावं आहेत, तुझं माझ्या शेजारी. वाईट दिसलं तर दिसू दे.

‘सी’ची पानं सोबत आहेत. दोरा साधा बांधलाय, लाख नाही. सूनबाईला म्हणावं, तिनं वाचलं तर मला आनंद वाटेल. आणि यात खडा नाही. तुझ्या पानांत यापुढं कधी नसेल.

ताई


१४ ऑगस्ट

ताई,

पानं मिळाली. सूनबाई वाचते आहे. निम्मं झालं. तुझ्या निरोपानं ती खूश झाली आणि तिनं ‘ल’ला पाकळी काढायचा सराव सुरू केलाय. मी म्हटलं, नको, आहे तो राहू दे.

शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापिकेनं ती जहाजाची गोष्ट बोर्डाच्या खोलीत भिंतीवर रंगवून घेतली होती, खाली माझं नाव. मला ती दिसली नाही, आणि इतके दिवस कुणी सांगितलंही नाही. मी उभा राहून सांगितलं की हे खोटं आहे, पुसा. त्या म्हणाल्या, राहू द्या सर, मुलांना आवडतं. मी म्हटलं, पुसा. रंगारी आला, त्यानं वर पांढरा हात मारला. मी जवळ जाऊन भिंत चाचपून पाहिली, ओली होती.

नावाबद्दल काय लिहू? छापलंस, बरं केलंस. हातात पुस्तक आलं की सूनबाई बोट धरून दाखवेल कुठं आहे ते.

आता कामाचं. पूर्वी मी तुझं वाचायचो तेव्हा शंका फक्त छपाईच्या काढायचो. काना राहिला, मात्रा राहिली. तू लिहिलंस ते खरं की खोटं, हे मी कधी विचारलं नाही. माझं स्वतःचं बरोबर होतं तरी मोडीत काढलं. या खेपेला सूनबाई एकेक नोंद वाचते, आणि संपली की मी तिला म्हणतो, समासात लिही, ‘ताई, हे खरं का?’ प्रत्येक नोंदीला. तीही कंटाळली आहे. मी काय करू? नाही विचारलं तर पुढची नोंद ऐकूच येत नाही मला. तू रागावू नकोस, उत्तरं दे, जमेल तशी.

सगळ्यांत आधी एका शंकेचं उत्तर दे. ती प्रुफातली नाही, तुझ्या पत्रातली आहे. तू लिहिलंस की रचताना आपलं घर आठवलं, पदराची गाठ आठवली आणि तुला भरून आलं. सूनबाईला मी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग लगेच मनात आलं, धाकटा कशाला भुलतो हे ताईला चांगलं ठाऊक आहे.

ताई, हे खरं का?

धाकटा